मागच्या सीटवर कोण बसतं? मर्सिडीज भारतात आली तेव्हा काय बदललं, आणि आपल्या मालात आपण काय बदलायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला. अर्धे मुद्दे घाईत सांगावे लागले, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो केल्याशिवाय या लेखाचा उपयोग नाही.

सुरुवात एका प्रश्नापासून करतो. वाशिमच्या कार्यशाळेत कारंजा तालुक्यातल्या एक ताई उभ्या राहिल्या. तीळ-जवसाची चटणी करतात. गावात, बाजाराच्या दिवशी आणि ओळखीतून विक्री चांगली आहे. त्यांची भाची अमेरिकेत असते. ती म्हणाली, "मावशी, इथे पाठव, इथले लोक घेतील." ताईंनी चाळीस हजार रुपये साठवलेत. पाऊच छापणारा म्हणतो, कमीत कमी दहा हजार पाऊच घ्यावे लागतील. एक जण म्हणतो तिखट कमी करा, दुसरा म्हणतो नाव इंग्रजी करा, तिसरा म्हणतो जवस काढूनच टाका.

ताईंनी विचारलं, "सर, बदलू तर काय काय बदलू? आन् काय तसंच ठेवू?"

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. बाहेरच्या बाजारात जाताना माणूस दोनच चुका करतो. एक तर काहीच बदलत नाही, नाहीतर सगळंच बदलून टाकतो. दोन्हीत पैसे जातात. ताईंचे तर साठवलेले सगळेच गेले असते.

याचं उत्तर मी मर्सिडीजच्या उदाहरणाने दिलं. काही जण हसले, म्हणाले चटणीचा आणि मर्सिडीजचा काय संबंध! संबंध आहे. जर्मनीच्या कंपनीसाठी भारत हा परदेशच. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधलं.

आधी थोडा इतिहास

मर्सिडीज-बेंझने १९९४ साली टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सबरोबर भागीदारीत भारतात काम सुरू केलं. १९९५ मध्ये पुण्यात जुळवलेली पहिली गाडी बाजारात आली. ती ई-क्लास होती, डब्ल्यू१२४ या पिढीची. गाडी मजबूत होती, पण त्याच वर्षी युरोपात ई-क्लासची पुढची पिढी, डब्ल्यू२१०, विक्रीला आली. म्हणजे तिकडे नवीन मॉडेल आणि इकडे जायच्या वाटेवरचं मॉडेल. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कळत होतं. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही.

पहिला धडा इथेच लिहून घ्या: नव्या बाजारात उरलेला माल पाठवायचा नाही. "तिकडच्यांना काय कळतंय" असं म्हणून मागच्या हंगामातले तीळ वापरले, तर पहिल्याच खेपेत नाव जातं.

पुढे कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. तो २००९ पासून सुरू आहे. तिथे गाडीचे बरेच भाग परदेशातून सुटे येतात आणि गाडी इथे जुळवली जाते. असं का? पूर्ण तयार आणलेल्या महागड्या गाडीवर आपल्याकडे सीमाशुल्क खूप जास्त आहे, सुटे भाग आणून इथे जुळवले तर ते कितीतरी कमी पडतं. शिवाय गाडी इथेच जुळवायची म्हटल्यावर इथल्यासाठी काही भाग वेगळे बसवणंही सोपं जातं.

आता ते भाग बघू. मी त्यांचे तीन गट करतो. हे गट माझे आहेत, कंपनीचे नाहीत. शिकायला सोपे जातात म्हणून केलेत.

गट १: नियमाने लागणारे बदल

जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे डाव्या. त्यामुळे स्टीअरिंग उजवीकडे आणावं लागतं. त्याच्यासोबत डॅशबोर्ड, पेडल, पुढचं वायरिंग, सगळ्यांची जागा बदलते.

हेडलाइटचंही तसंच. डिपर मारल्यावर दिव्याचा झोत सरळ रेषेत कापलेला नसतो. रस्त्याच्या कडेकडच्या बाजूला तो थोडा वर उचललेला असतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसतो. तिकडचा दिवा तसाच इकडे लावला, तर तो उचललेला झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून दिवाही बदलायचा.

तिसरी गोष्ट धुराची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाला. मर्सिडीजने मात्र जानेवारी २०१८ मध्येच बीएस-६ ची एस-क्लास इथे बनवून आणली. नियम दारात येऊन उभा राहीपर्यंत ते थांबले नाहीत.

या गटात घासाघीस चालत नाही. हे बदल केले म्हणून गिऱ्हाईक तुमची पाठ थोपटणार नाही. पण केले नाहीत तर माल आतच जाणार नाही.

ताईंच्या चटणीत गट १ कुठला? तीळ! अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा ॲलर्जी करणाऱ्या मुख्य पदार्थांच्या यादीत नववा पदार्थ म्हणून आला. पाकिटावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. युरोपच्या यादीत असे चौदा पदार्थ आहेत. त्यात तीळ आहे, मोहरी आहे, आणि आपल्या जिल्ह्यात शेतोशेती दिसणारं सोयाबीनही आहे. तिकडे ही नावं घटकांच्या यादीत ठळक दिसतील अशी छापावी लागतात. मित्रांनो, हा नुसता कागदाचा खेळ नाही. तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

याशिवाय अमेरिकेत वजन ग्रॅममध्ये आणि औंसमध्ये, दोन्ही लागतं. घटकांची यादी इंग्रजीत लागते. माल तयार करणाऱ्या जागेची तिथल्या एफडीएकडे नोंदणी, अमेरिकेत एक प्रतिनिधी आणि माल पोचण्याआधी पूर्वसूचना, हे सगळं लागतं. आपल्या बाजूने डीजीएफटीचा आयात-निर्यात कोड काढावा लागतो, त्याची फी ५०० रुपये आहे. एफएसएसएआयचा तुमचा सध्याचा कागद निर्यातीला चालतो का, हेही आधीच विचारून घ्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या. भाचीला घरची चटणी भेट म्हणून पाठवणं वेगळं आणि विकायला पाठवणं वेगळं. "भेटीच्या नावाखाली पाठवू" असा सल्ला कोणी दिला तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

गट २: वापरामुळे लागणारे बदल

हॉर्नची गोष्ट मला फार आवडते. ही ऑडीची आहे. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा एमआयडीसीत, स्कोडाच्या कारखान्यात जुळवल्या जातात. समृद्धीने आपण जालन्याच्या पुढे गेलो की तोच परिसर. २०१२ साली ऑडी इंडियाचे तेव्हाचे प्रमुख मिखाएल पेर्श्के यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं होतं, की भारतासाठी हॉर्न वेगळा बसवावा लागतो. युरोपचा हॉर्न मुंबईत एक-दोन आठवड्यांत निकामी होईल. जर्मन माणूस वर्षभरात जेवढा हॉर्न वाजवतो तेवढा आपण एका दिवसात वाजवतो, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून भारतासाठीचा हॉर्न सलग दोन आठवडे वाजवून तपासला जायचा.

आता बघा, युरोपचा हॉर्न काही खराब नव्हता. तिथे तो उत्तमच चालत होता. वस्तू तीच, पण वापर बदलला की कमजोर ठरते. चेसिस, सस्पेन्शन, एसी, हवेचा फिल्टर, या सगळ्यांना हेच लागू आहे. आपले स्पीडब्रेकर, आपली धूळ, आपला मे महिना जर्मनीतल्या इंजिनिअरच्या टेबलावर आपोआप पोचत नाही.

यात माझा स्वतःचा अनुभव आहे आणि तो सुखाचा नाही. सुरुवातीच्या काळात मी लाल तिखट विकायचो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात साध्या पातळ पिशवीत ते महिनोन्महिने मोकळं राहायचं. त्याच पिशवीत साठ पाकिटं ऐन जुलैत मुंबईला पाठवली. पंधरा दिवसांत त्याचे गोळे झाले. दुकानदाराने सगळी पाकिटं परत केली, आणि त्याचं काही चुकलं नाही. तिखट चांगलंच होतं, पिशवी वाशिमची होती. मी कधी मुंबईच्या पावसात ती ठेवून बघितलीच नव्हती.

ताईंसाठी गट २: तीळ आणि जवस, दोन्हीत तेल भरपूर. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं. जवसाचं तर लवकर होतं. गावात चटणी आठ दिवसांत संपते, म्हणून हा त्रास कधी दिसला नाही. परदेशी जाताना ती गोदामात, विमानतळावर, मग तिकडच्या घरात राहणार. म्हणून जाड, उजेड न जाणारं पाऊच आणि पक्कं सील पाहिजे. आणि हॉर्नसारखी परीक्षा: दहा पाकिटं भरा. पाच पत्र्याखालच्या गरम खोलीत ठेवा, पाच घरात. दर आठवड्याला दोन्हीकडचं एकेक फोडा, वास घ्या, चव घ्या, तारीख लिहा. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. पाकिटावर छापायची मुदत मात्र प्रयोगशाळेतून तपासूनच ठरवा.

गट ३: गिऱ्हाइकाच्या सवयीमुळे लागणारे बदल

आता लेखाच्या नावातला प्रश्न. युरोपात ई-क्लासचा मालक बहुतेक वेळा स्वतः गाडी चालवतो. भारतात असा मालक बऱ्याचदा मागे डावीकडे बसतो आणि ड्रायव्हर गाडी चालवतो. म्हणजे गाडी तीच, पण पैसे देणाऱ्या माणसाची सीटच बदलली!

फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्सिडीजने भारतात लांब व्हीलबेसची ई-क्लास आणली. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. साध्या ई-क्लासमध्ये ते २९३९ मिलिमीटर, यात ३०७९. म्हणजे १४० मिलिमीटर जास्त, साधारण साडेपाच इंच. ही वाढलेली जागा मागच्या माणसाच्या पायांसाठी. मागची सीट ३७ अंशांपर्यंत मागे कलते. उजव्या स्टीअरिंगची अशी लांब ई-क्लास जगात पहिल्यांदा भारतासाठी बनली, आपल्या चाकणला.

आता यातलं डोकं बघा. लांब बॉडी आधीपासून होती. चीनमध्येही मालक मागे बसतो, म्हणून ती चीनसाठी २०१६ मध्येच आली होती, पण डाव्या स्टीअरिंगची. उजव्या स्टीअरिंगची साधी ई-क्लासही होती, ब्रिटनसारख्या देशांसाठी. भारतासाठी कोऱ्या कागदावरून नवीन गाडी काढावी लागली नाही. दोन ठिकाणी आधी असलेल्या गोष्टी एकत्र जुळवल्या. काम सोपं होतं असं मी म्हणत नाही, पण सुरुवात शून्यातून नव्हती.

धडा: बदल करण्याआधी बघा, तो बदल दुसऱ्या कोणी आधीच केलाय का. झिप असलेलं पाऊच ताईंनी शोधून काढायची गरज नाही. सुकामेवावाला ते रोज वापरतो. तो कुठून आणतो तेवढं विचारायचं.

एक बदल दुसरा बदल मागतो

हा मुद्दा व्हिडिओत राहूनच गेला. व्हीलबेस वाढवला की मागचा माणूस खूश, पण स्पीडब्रेकरवर पोट घासायची भीती वाढते. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितका मधला भाग उंचवट्याला लवकर टेकतो. एक अंदाजी हिशेब करू. हा आपला हिशेब आहे, कंपनीचा आकडा नाही. समजा साध्या गाडीचं पोट जमिनीपासून १५० मिलिमीटर वर आहे. तोच उंचवटा लांब गाडीने तितक्याच आरामात ओलांडायचा, तर उंची त्याच प्रमाणात वाढायला हवी:

१५० × ३०७९ ÷ २९३९ = साधारण १५७ मिलिमीटर.

म्हणजे पाय लांब करायला जागा दिली, तर गाडीही सात मिलिमीटर वर उचलायला हवी. उचलली की स्प्रिंग, डँपर, वळणावरचा तोल, सगळं पुन्हा तपासा.

आपल्याकडेही असंच होतं. झिपचं पाऊच घेतलं की गिऱ्हाईक ते पुन्हापुन्हा उघडणार. उघडलं की हवा आत जाणार. म्हणून "उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा" हे लिहायला हवं. मग अर्ध्या किलोचं पाकीट चालणार नाही, शंभर ग्रॅमचं करावं लागेल. शंभर ग्रॅमचं केलं की दर पाकिटाचा पॅकिंग खर्च वाढला, म्हणजे भावही नव्याने काढा. म्हणून एकाच वेळी पाच बदल करू नका. एक करा आणि तो आणखी काय मागतो ते बघा.

आणि जे बदललं नाही ते

गाडीची सुरक्षितता, दार बंद होतानाचा तो भरीव आवाज, समोरचा तारा, यांना हात लावला नाही. कारण माणूस त्यासाठीच पैसे देतो. मर्सिडीज घेणाऱ्याला मर्सिडीजच हवी असते, फक्त इथल्या रस्त्यावर चालणारी आणि मागे बसता येणारी.

म्हणून मी ताईंना म्हटलं, "ताई, तुमच्या चटणीत तारा कुठला ते आधी सांगा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तीळ अन् जवस वेगवेगळे भाजते मी, मंद आचेवर. घाई नाही करत." झालं! भाजणं बदलायचं नाही, जवस काढायचा नाही. ज्या गोष्टीमुळे गावातलं गिऱ्हाईक परत येतं, तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

पैशाचा हिशेब

ताईंकडे दोन कोटेशन होती. आकडे त्यांचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील.

पहिलं: छापील पाऊच, एक नग साडेतीन रुपये, कमीत कमी १०,००० नग. खर्च ३५,००० रुपये.

दुसरं: तयार साधं जाड पाऊच आणि त्यावर स्टिकर, दोन्ही मिळून एक नग नऊ रुपये, २०० नगसुद्धा मिळतात. खर्च १,८०० रुपये.

पहिलं स्वस्त दिसतं, दर नगामागे साडेपाच रुपये वाचतात. पण लेबलवर एक शब्द चुकला, समजा तीळ ठळक लिहायचा राहिला, तर पहिल्यात ३५,००० रुपये रद्दीत जातात आणि दुसऱ्यात १,८००. चाळीस हजारांतले पस्तीस हजार पाऊचमध्येच अडकले, तर कागदपत्रं, तपासणी आणि कुरिअरला काय राहिलं? पाच हजार. शिकायच्या काळात दर नगाचा खर्च जास्त असला तरी चालेल, चुकीचा खर्च कमी पाहिजे. माल नक्की झाला, मागणी दिसली, की मग छापील पाऊच घ्या.

पुढे काय झालं

मी ताईंना एकच काम दिलं होतं. काही बदलण्याआधी भाचीमार्फत तिकडच्या पाच खाणाऱ्यांना विचारा. "आवडेल का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. असं विचारा: अशी चटणी तुम्ही शेवटची कधी खाल्ली? कशासोबत? डबा कुठे ठेवता? टाकून दिली असेल तर का?

दोन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. पाचपैकी चार जणांची तक्रार एकच होती: पाकीट एकदा फोडलं की बंद होत नाही आणि सगळ्या फ्रिजला लसणाचा वास लागतो. तिघे म्हणाले, एकटेच खातो, मोठं पाकीट संपता संपता खवट होतं. तिखट कमी करा असं एकानेही म्हटलं नाही.

ज्या बदलावर गावात सगळ्यात जास्त चर्चा होती, तो बदल कोणी मागितलाच नव्हता. ताई फोनवर म्हणाल्या, "बरं झालं सर, मी तर पुढच्या घाण्यात मिरची अर्धी करणार होते."

सध्या त्यांनी परदेशाचं थोडं पुढे ढकललंय. झिपच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटात, स्टिकर लावून, दोनशे नग आधी पुण्यात विकणार आहेत, आणि तोपर्यंत कागदपत्रं करणार आहेत. चाळीस हजारांतले बहुतेक अजून बँकेत आहेत. हा निर्णय मला पटला.

गृहपाठ

वहीत चार रकाने करा आणि तुमच्या मालाचा एकेक भाग (कच्चा माल, कृती, पॅकिंग, लेबल, वजन, नाव, भाव) योग्य रकान्यात टाका.

१. नियमाने बदलावाच लागेल. नियम कुठे वाचला, तेही लिहा.
२. वापरामुळे बदलावा लागेल. त्याची परीक्षा घरी कशी घेणार?
३. सवयीमुळे बदलावा लागेल. हे कोणत्या पाच माणसांना विचारलं?
४. बदलायचा नाही. हा तुमचा तारा. इथे एक-दोनच गोष्टी येतील.

तिसऱ्या रकान्यात नुसता अंदाज लिहिला असेल तर तो खोडा आणि आधी फोन लावा. चौथा रकाना रिकामा राहिला, तर बाहेरच्या बाजाराचा विचार थोडा थांबवा, कारण काय जपायचं हेच अजून ठरलेलं नाही.

बाहेरचा बाजार म्हणजे अमेरिकाच असं नाही. रिसोडच्या माणसाला पुणे बाहेरचं, मानोऱ्याच्या माणसाला नागपूर. प्रश्न सगळीकडे तोच: पैसे देणारा माणूस कुठल्या सीटवर बसतो?

पुढच्या व्हिडिओत शंभर ग्रॅमच्या पाकिटाचा भाव कसा काढायचा ते बघू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

भेटूया!